शेजारच्या खोलीतली ऑनलाइन निवडणूक

उज्जैनच्या ज्या शाळेत मी गणित शिकवायचो, तिथे एका वर्षी कॉम्प्युटर हा विषयही माझ्या गळ्यात मारला गेला. कारण एवढंच, की फ्रीगंजातल्या एका क्लासात मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि ती गोष्ट स्टाफरूममध्ये पुढचे सहा महिने रोज सांगितली होती. स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलेली कामं माझ्या आयुष्यात बरीच आहेत, त्यातलं हे सगळ्यात मोठं.

ते दिवसच तसे होते. फ्रीगंजात दर चौथ्या दुकानावर कॉम्प्युटर क्लासची नवी पाटी चढत होती. काल जिथे शिलाई मशीन दुरुस्त करून मिळायची तिथे आज इंटरनेट मिळायचं, आणि गल्ल्यावर माणूस तोच असायचा. प्रत्येक बापाला वाटायचं की आपला मुलगा अमेरिकेला जाणारच आहे, फक्त कुणीतरी त्याला बटणं दाबायला शिकवली पाहिजेत. आमच्या शाळेत ते कुणीतरी म्हणजे मी. रोज रात्री जेवणानंतर एक धडा वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी तो जन्मापासून येत असल्यासारखा शिकवायचा, असं माझं चाललं होतं.

शाळेने भूगोलाच्या जुन्या खोलीत आठ कॉम्प्युटर मांडले. नववा, जरा मोठा, शेजारच्या लहान खोलीत ठेवला आणि सगळे एकमेकांना तारांनी जोडले. लॅबचा पहिला नियम मी केला, तो म्हणजे चपला-बूट बाहेर. कुणी कारण विचारलं की गंभीर चेहरा करून 'व्हायरस' म्हणायचं. माझा स्वतःचा त्यावर विश्वास होता की नाही, हे आता सांगणं अवघड आहे. कोर्समध्ये व्हायरसचा धडा झाला त्या दिवशी मी इंदूरला मावसभावाच्या लग्नात जेवत होतो.

आता निवडणुकीकडे येतो, पण त्याआधी एक वर्ष मागे जावं लागेल, कारण माझ्या मूर्खपणाची सुरुवात तिथे आहे.

शाळेच्या विद्यार्थी परिषदेची निवडणूक दरवर्षी चिठ्ठ्यांनी व्हायची. नववी ते बारावीची मुलं रांगेत यायची, डब्यात चिठ्ठी टाकायची, आणि कुणी दोनदा टाकू नये म्हणून बोटाला शाई लावली जायची. त्या वर्षी शाईच्या टेबलाशी मी होतो. अर्धी रांग सरली तेव्हा दहावीतली एक मुलगी समोर आली. तिच्या बोटाला आधीच निळा रंग होता. मी तिला सगळ्यांदेखत दोन्ही हात पुढे करायला लावले, लोकशाहीवर चार वाक्यं ऐकवली आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वही तपासताना पाहिलं, तर तिच्या दहाही नखांच्या कडा निळ्या होत्या. ती भैरवगढची. तिच्या घरी कापडावर छपाईचं काम, शाळेतून गेली की तीही हात लावायची. भैरवगढच्या मुलांची बोटं कधीच पूर्ण स्वच्छ नसतात हे उज्जैनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी उज्जैनमध्ये जन्मलो, वाढलो, आणि हे मला त्या टेबलाशी आठवलं नाही.

मी तिची माफी मागितली नाही. त्या काळी शिक्षक माफी मागत नसत, नवीन योजना काढत. माझी योजना होती की पुढच्या वर्षी शाई नको, चिठ्ठी नको, कॉम्प्युटरवर मतदान घ्यायचं. प्रत्येकाने आपला स्कॉलर नंबर, म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा नंबर, टाइप करायचा आणि एक बटण दाबायचं. एका नंबरला एकच मत. कुणाची बोटं बघायची गरजच नाही. कुणालाही दोनदा मत देता येणार नाही, याची मी ग्वाही देत हिंडत होतो.

प्राचार्यांना योजना सांगताना मी मुद्दाम 'ऑनलाइन' हा शब्द वापरला. त्या शब्दावर त्या वर्षी काहीही मंजूर व्हायचं. आमचे प्राचार्य उंच, कडक, हिंदीचे माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ऑनलाइन मतलब वोट जाएँगे कहाँ?"

"बगल के कमरे में, सर."

त्यांची जरा निराशा झाली. पण दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरच्या स्थानिक पानावर 'शहर में पहली बार ऑनलाइन छात्र चुनाव' अशी बातमी आलीच. बातमी त्यांनीच दिली होती.

अध्यक्षपदासाठी दोघं उभे राहिले. एक बारावीतला मुलगा, आपल्यातला, म्हणजे मराठी. त्याचे वडील बँकेत होते आणि आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. मुलगा उंच, हसरा, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला. दुसरी तीच भैरवगढची मुलगी, आता अकरावीत. मुलाच्या जाहीरनाम्यात क्रिकेटचं नवं मॅटिंग, वाचनालयात मासिकं, दर महिन्याला सांस्कृतिक कार्यक्रम अशा सात गोष्टी होत्या. मुलीच्या कागदावर एकच ओळ होती, की शाळेची बस भैरवगढपर्यंत आली पाहिजे.

बस गढकालिकेच्या देवळापर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची. पुढची मुलं टेम्पोला लटकून किंवा चालत यायची. मुलं ठीक, पण मुलींना आठवीनंतर घरचे पाठवत नसत; ती एकटी हट्टाने येत राहिली होती. तिच्या दोन चुलत बहिणी तशाच घरी बसल्या होत्या, एक चौदाची, एक तेराची. बस आली तर पाठवू, नाहीतर नाही, असं तिच्या काकांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि बसच्या मार्गाची बैठक वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या आधी व्हायची. तिथे प्राचार्य, बसचा ठेकेदार, दोन पालक आणि विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष बसायचा. तिला अध्यक्ष व्हायचं होतं ते त्या खुर्चीसाठी. हे तिने वर्गावर्गात जाऊन सांगितलं होतं, त्यामुळे सगळ्यांनाच माहीत होतं.

प्रोग्रॅम मी लिहिला. म्हणजे पुस्तकातल्या एका दुकानाच्या मालसाठ्याच्या प्रोग्रॅममधून 'साबण' काढून तिथे उमेदवाराचं नाव घातलं. श्रावणातला एक रविवार पाहून मी दुपारी एकटा लॅबमध्ये बसलो आणि चाचणी घेतली. प्रत्येक चाचणीला एक स्कॉलर नंबर लागणार, म्हणून एकपासून सुरुवात केली. एक नंबर, मत. दोन नंबर, मत. असं तीसपर्यंत. आकडे शेजारच्या खोलीत बरोबर जमा होत होते. माझा ऊर भरून आला. आता ही तीस मतं पुसायची एवढंच राहिलं होतं, तोच वीज गेली.

त्या वर्षांत वीज जाणं ही बातमी नव्हती, वीज येणं ही होती. यूपीएसने चार शिट्ट्या मारल्या आणि तोही गेला. मी म्हटलं, मंगळवारी सकाळी मतदानाआधी पुसू. मध्ये सोमवार होता, पण श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघते आणि दुपारनंतर शहरात कुणी कुठे जाऊ शकत नाही. शाळेला सुट्टीच होती.

मंगळवारी साडेआठला पोचलो तर शेजारच्या खोलीत उदबत्तीचा धूर. आमचे संस्कृतचे सर पुरोहित घराण्यातले. त्यांनी नवव्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं होतं, पडद्यावर झेंडूची माळ चढवली होती आणि की-बोर्डवर नारळ ठेवला होता. मी नारळ उचलायला हात पुढे केला तसा त्यांनी माझं मनगट धरलं. मुहूर्त नऊ बावीसचा होता. त्याआधी यंत्राला कुणी स्पर्श करायचा नाही. मी म्हटलं, दोनच मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, शुभ कामाआधी दोन मिनिटं थांबता येत नसेल तर मग हे सगळं कशाला. आता उज्जैनमध्ये मुहूर्तावर वाद घालणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जन्मला तरी त्याच्या जन्माची वेळ आधी पत्रिकेत बघतील. मी नारळाकडे नेलेला हात मागे घेतला.

नऊ बावीसला प्राचार्यांनी फीत कापली. नऊ तेवीसला बारावीची मुलं चपला काढून आत घुसली. कुणाचा नंबर लागेना, कुणाचं बटण अडकलं, एकाने सवयीने बोट पुढे करून शाई मागितली. दोन वेळा वीज गेली, दोन वेळा आली. मी आठ कॉम्प्युटरांमध्ये भिंगरीसारखा फिरत होतो. तीस मतं डोक्यातून साफ गेली.

दुपारी निकाल लागला. मुलाला दोनशे अकरा, मुलीला एकशे ब्याण्णव. एकोणीस मतांनी आपला मुलगा निवडून आला. मला आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही. संध्याकाळी चिटणीस स्वतः पेढे घेऊन घरी आले. गणेशोत्सवात मुलाचा आणि माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं त्यांनी तिथेच ठरवलं. एवढ्या मोठ्या हिंदी शाळेत आपला मुलगा अध्यक्ष, आणि निवडणूक घेणाराही आपलाच माणूस, असं ते दोनदा म्हणाले. मी दोनदा विनयाने मान खाली घातली.

पारदर्शकता हाही त्या वर्षी मला नुकताच लागलेला शब्द होता. म्हणून ज्यांनी मत दिलं त्यांच्या स्कॉलर नंबरांची यादी प्रिंटरवर काढून मी शिपायाला फलकावर लावायला सांगितली होती. मत कुणाला दिलं ते नाही, फक्त दिलं एवढंच. लांबच लांब कागद, फलकावरून खाली लोंबत होता. येणारे-जाणारे त्याची लांबी बघून थक्क व्हायचे. वाचला कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

तिने वाचला. गुरुवारी मधल्या सुट्टीत ती लॅबच्या दाराशी आली, चपला काढल्या, आत आली. मला वाटलं हरल्याबद्दल रडणार, म्हणून मी धीराची दोन वाक्यं तयार ठेवली.

"सर, एक नंबर किस क्लास में है?"

मला कळलं नाही. तिने शांतपणे सांगितलं, की यादीत सगळ्यात वर एकपासून तीसपर्यंत नंबर आहेत. तिचा स्वतःचा नंबर पाच हजारांच्या पुढचा. बारावीतल्या सगळ्यात जुन्या मुलाचाही चार हजारांच्या वर. मग हे तीसजण कोण, एवढंच तिला विचारायचं होतं. आवाजात आरोप नव्हता. गणितात अडलेली पायरी विचारावी तसं तिने विचारलं, आणि ती पायरी मला त्या क्षणी लख्ख दिसली. एक ते तीस नंबरची मुलं ही शाळा निघाली तेव्हाची. त्यातली जी जिवंत होती ती आता आजोबा झाली होती.

मी म्हटलं, देखता हूँ. ती गेली आणि मी वजाबाकी केली. दोनशे अकरातून तीस गेले, एकशे एक्क्याऐंशी. ती अकरा मतांनी निवडून आली होती.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी मी त्यानंतर बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. पडद्यावर पहिलं नाव तिचं होतं. एक दाबलं की ती, दोन दाबलं की तो. चाचणी घेणारा कुठलाही माणूस एकच बटण दाबत बसेल तर पहिलं दाबेल. माझं बोट तीसच्या तीस वेळा दोनवर गेलं होतं. मी ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर निदान मधूनमधून एक दाबलं असतं.

त्या दुपारी मी प्राचार्यांकडे गेलो आणि म्हटलं, सर, व्हायरस. तीस मतं जास्तीची शिरली आहेत. कुणाच्या बाजूने, असं त्यांनी विचारलं. व्हायरसमध्ये तसं सांगता येत नाही, असं मी म्हणालो. ज्या गोष्टीच्या नावाने मी वर्षभर पोरांच्या चपला काढायला लावल्या होत्या, तिचा उपयोग शेवटी मलाच झाला.

प्राचार्य व्यवहारी होते. पेपरात निकाल छापून आला होता, शनिवारी शपथविधी होता, पाहुण्यांना बोलावणं गेलं होतं. निकाल बदलला तर ऑनलाइनचं हसं होईल. त्यांनी पाच मिनिटांत तोडगा काढला. परिषदेत उपाध्यक्ष असं पदच नव्हतं, ते निर्माण केलं आणि मुलीला दिलं. मला एवढं हलकं वाटलं, की मी जवळजवळ पळतच अकरावीच्या वर्गाकडे गेलो आणि तिला बाहेर बोलावून ही आनंदाची बातमी दिली.

तिने विचारलं, "उपाध्यक्ष बस वाली मीटिंग में बैठेगी?"

मी म्हटलं, त्या बैठकीत अध्यक्षच बसतो. पण तिचं म्हणणं तो नक्की मांडेल, मुलगा चांगला आहे, मी सांगेन त्याला. तिने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत म्हणाली, "पिछले साल आपने मेरी उँगली देखी थी, सर. इस बार क्या देखा?"

उत्तर मला येत होतं. या वेळी मी आडनाव पाहिलं होतं.

घरी आलो तर गणेशोत्सवासाठी माझा झब्बा इस्त्रीला गेला होता. बायकोला सगळं सांगितलं, व्हायरससकट, म्हणजे तिलाही आधी तेच सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, तीसही मतं आपल्याच मुलाला गेली का. मी म्हटलं हो. "मग फारच घरगुती व्हायरस आहे हो तुमचा," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. त्यानंतर खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऐकून झाल्यावर तिने एवढंच म्हटलं, की त्या मुलीच्या बहिणी आपल्या असत्या तर मी व्हायरस म्हटलं असतं का. मला राग आला. बरोबर बोलणारं माणूस घरातलंच असलं की राग जास्त येतो.

शनिवारी मैदानावर सगळी शाळा उभी होती. स्टेजवर पाहुणे, प्राचार्य, कडेला मुलगा नव्या बिल्ल्यासह, त्याच्या मागे मुलगी छोट्या बिल्ल्यासह. पहिल्या रांगेत चिटणीस कॅमेरा घेऊन बसलेले. माझं काम फक्त निकाल वाचून दाखवायचं होतं. खिशात मी एक भाषण लिहून आणलं होतं, शुद्ध हिंदीत, त्यात 'तकनीकी त्रुटि' आणि 'मानवीय चूक' असे भारदस्त शब्द होते. माझ्या हातून चूक झाली आहे असं ते वाचून कुणाला वाटलं नसतं, चूक आपली आपणच झाली असं वाटलं असतं.

मी ते वाचायला सुरुवात केली. दोन परिच्छेद वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की समोरची पोरं हसताहेत, कानाला हात लावताहेत. वीज गेली होती. माइक बंद होता. आयुष्यातला एकमेव कबुलीजबाब मी दिला आणि तो पहिल्या दोन रांगांशिवाय कुणाला ऐकू आला नव्हता. त्या दोन रांगांनाही समजला नव्हता.

आता पुन्हा सांगणं भाग होतं, तेही ओरडून. आणि ओरडून 'तकनीकी त्रुटि' म्हणता येत नाही, श्वास पुरत नाही. मी कागद खिशात घातला, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि भाजी विकणाऱ्याच्या आवाजात ओरडलो, "तीस वोट मैंने डाले थे. जीती लड़की है."

मैदान एकदम शांत झालं. तेवढ्यात वीज आली, माइकमधून लांबलचक कर्कश शिट्टी निघाली आणि सगळ्यांनी कान झाकले. मी ती वेळ साधून स्टेजवरून खाली उतरलो. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी भूकही लागली होती, हे मला स्पष्ट आठवतं. दोन दिवस मी नीट जेवलो नव्हतो.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांआड झालं. ऐकलं ते असं, की प्राचार्य क्षणभर पाहुण्यांकडे बघत राहिले, मग काहीच घडलं नाही अशा थाटात त्यांनी मुलीचं नाव पुकारलं आणि शपथ दिली. मुलगा मधल्या सुट्टीत मला शोधत लॅबमध्ये आला. बिल्ला त्याने काढून हातात ठेवला होता.

"सर, तीसच्या तीस मलाच का?"

"तू आपला ना," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्याने बिल्ला टेबलावर ठेवला. मग म्हणाला की वर्गातल्या आपल्या मुलांनी तर तिलाच मतं दिली होती, त्याला माहीत होतं. त्याचा जिवलग मित्रही तिच्याच बाजूने होता. "मला वाटलं होतं मी खरंच जिंकलो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मुलीचं नुकसान मी निदान भरून काढलं होतं. या पोराच्या खिशात मी चार दिवस खोटा आनंद घातला आणि चारशे मुलांसमोर काढून घेतला, त्याची भरपाई कशानेच होत नव्हती. त्याची मात्र मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याची माफी मागितली, आणि शिक्षकाने माफी मागितली की छत कोसळत नाही असं आढळलं.

मंडळात माझा सत्कार झाला नाही हे सांगायला नको. चिटणीस दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. माझा मुलाच्या विजयावर डोळा होता, असंही कुणी म्हणालं. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. त्या गणेशोत्सवात वादविवाद स्पर्धेच्या परीक्षकपदावरून काढून मला मंडपाच्या दाराशी चपला सांभाळायला बसवलं. काम ओळखीचं होतं. दहा दिवस मी सगळ्या उज्जैनच्या मराठी चपला राखल्या आणि एकही हरवू दिली नाही.

बसची बैठक दसऱ्याच्या आधी झाली. ती अध्यक्षाच्या खुर्चीत बसली आणि तिने भैरवगढच्या सतरा मुलींची नावं असलेला कागद पुढे ठेवला, असं मला प्राचार्यांनीच सांगितलं. ठेकेदार कुरकुरला, पण शेवटी दिवाळीनंतर बस न्यायला तयार झाला. पालकांनी एक अट घातली. एवढ्या लांब मुली येणार-जाणार तर सकाळ-संध्याकाळ बसमध्ये एक शिक्षक पाहिजे. कोण जाणार, असा प्रश्न निघाला तेव्हा प्राचार्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. एका माणसाला शिक्षा करायची राहूनच गेली होती.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला मी त्या बसमध्ये होतो, मफलर गुंडाळून, शाळेला आणि स्वतःला शिव्या घालत. गढकालिकेपाशी बस पहिल्यांदा वळली नाही, सरळ पुढे गेली. भैरवगढला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. रस्त्याच्या कडेला सतरा मुली रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे ती, तिच्यामागे तिच्या दोन बहिणी, नव्या गणवेशात, केसांना इतकं तेल की चकाकत होतं. त्यांचे काका थोडे दूर उभे राहून बसकडे बघत होते. बहिणी चढल्या तेव्हा मी मफलर डोळ्यांपर्यंत वर ओढला. मी ते थंडीवर ढकललं.

ती शेवटी चढली. तिच्या हातात एक वही होती, रेघा मारलेली, रोज बसमध्ये कोण कोण आलं त्याच्या सहीची. एकेकीने सही केली. वही फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. पाहिलं तर सगळ्यात शेवटी तिने माझंही नाव लिहिलं होतं. तिने पेन माझ्या हातात दिलं. बोटं नेहमीसारखी निळी होती.

"आप भी, सर," ती म्हणाली. "एक ही बार."

मागे दोघी-तिघी फिसकन हसल्या. मी सही केली.